महाल रडायचा तेव्हा

आमच्या घराला एकोणीस दारं होती आणि त्यातलं एकही दार कुणा पाहुण्यानं कधी वाजवलं नाही. परवा नातीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. केस उभे केलेला एक पोरगा आमच्या त्या महालातून फिरतोय, दर दोन वाक्यांनी दचकतोय आणि दबक्या आवाजात सांगतोय की मित्रांनो, मराठवाड्यातल्या सगळ्यात शापित वास्तूत मी आत्ता उभा आहे. मी चष्मा पुसून नीट बघितलं. म्हटलं, अगं, हा उभा आहे ना, तिथं आमचा पिठाचा डबा असायचा. नातीला वाटलं आजी चेष्टा करते. जावईही हसले. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली, पण घरातल्या माणसांना एक गोष्ट धड पटवून देणं काही मला जमलेलं नाही. म्हणून आता लिहायला बसले.

महाल कुणा जागीरदाराचा, निजामाच्या वेळचा. पेडगावच्या अलीकडं सडक सोडून आत गेलं की चिंचांच्या झाडांमागं त्याची कमान दिसायची. दगडी, दोन मजली, वरच्या दिवाणखान्याला लाल-निळ्या काचा. मागच्या अंगाला मोठी बाग होती म्हणे, आणि बागेत उतरायला रुंद पायऱ्या. पुढं कालव्याची आखणी आली ती नेमकी त्या बागेतून गेली. बाग गेली, पायऱ्या तेवढ्या राहिल्या, आणि त्या सरळ पाण्यात उतरायला लागल्या. मागचं दार उघडलं की समोर कालवा. सकाळी पाण्यावरचं ऊन छतावर हलायचं, आणि मी अंथरुणातूनच ते बघत पडायची. एवढ्या मोठ्या वास्तूत आम्ही तिघंच होतो, बा, माय आणि मी, आणि आमचा सगळा संसार देवडीलगतच्या दोन खोल्यांत मावत होता. चूल मात्र मायनं हमामखान्यात मांडली होती, कारण धूर बाहेर जायला भिंतीत नळकांडं होतं ते फक्त तिथंच. जागीरदार जिथं गरम पाण्यानं अंघोळ करायचा तिथं माझी माय भाकरी थापायची. बडवल्याचा आवाज चारी भिंतींत घुमायचा, दहा बायका एकदम भाकरी करायल्यात असं वाटायचं. मला तो आवाज फार आवडायचा.

शापाची गोष्ट गावात ज्याला विचाराल तो सांगायचा, फक्त प्रत्येकाची थोडी वेगळी. जागीरदाराची तरणी लेक बागेतल्या हौदात बुडाली, एवढं सगळ्यांचं सारखं. मग जागीरदार सगळं टाकून हैदराबादला निघून गेला. मग कुणा व्यापाऱ्यानं महाल विकत घेतला आणि सहा महिन्यांत त्याचा एकुलता एक मुलगा गेला. मग ते घर तसंच पडून राहिलं, आणि कालवा झाल्यावर पाटबंधारे खात्यानं तिथं पाटकऱ्याची चौकी केली. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना वाटून देणारा माणूस. पहिला पाटकरी पाय घसरून कालव्यात गेला. दुसरा महिनाभरात पळून गेला. तिसरा माझा बा. त्याला ती जागा मिळाली कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. आमच्या माणसांच्या वाट्याला तोवर बहुतेक गोष्टी अशाच आल्या होत्या, त्यामुळं बाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मायनं पहिल्या दिवशी खोलीत झाडू मारला, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, आणि म्हणाली की भुतं असतील तर त्यांनी पलीकडच्या खोल्या घ्याव्यात, खोल्या लय हायत.

माय बोलायला अशी फटकळ, पण तिला माणसं लागायची. ज्या वस्तीत ती लहानाची मोठी झाली तिथं भिंतीला भिंत लागून घरं, एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका. इथं ती कुणाशी बोलणार? सकाळी माझी वेणी घालताना बोलायची, ती शाळेची वेळ होईपर्यंत. मी गेल्यावर चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची, वरच्या दिवाणखान्यात पारवे घुमायचे त्यांना शिव्या द्यायची. मी शाळेतून परत यायची तेव्हा कमानीतूनच तिचा आवाज ऐकू यायचा, आणि मला वाटायचं की आज कुणीतरी आलंय. पळत जायची. कुणी नसायचं. असं किती वेळा झालं तरी मी पळतच जायची, हे आठवलं की मला आजही स्वतःचा राग येतो.

शाळेत पोरी माझ्याशी खेळायच्या, नाही असं नाही. लंगडीत घ्यायच्या. पण सुट्टीत कुणाच्या घरी कैऱ्या मीठ लावून खायच्या, कुणाच्या घरी बाहुलीचं लग्न, असं ठरायला लागलं की माझ्या घराचा विषय निघायचाच नाही. त्यांच्याही घरी मला ओसरीपर्यंतच. एकदा मी मायजवळ तक्रार केली, की त्या महालामुळं माझ्याकडं कुणी येत नाही, आपण दुसरीकडं राहायला जाऊ. ती येसराची आमटी ढवळत होती. ढवळणं न थांबवता म्हणाली, "महालाचं नाव हाय म्हणून बरं हाय सुमे. न्हाईतर नाव आपलं असतं." मला तेव्हा नीटसं कळलं नाही. कळलं तेव्हा मला शिक्षिकेची नोकरी लागलेली होती आणि दुसऱ्या गावात भाड्यानं खोली शोधत मी दारोदार फिरत होते. तिथं महाल नव्हता, तरी खोल्या भराभर भरलेल्या निघायच्या.

आता त्या रडण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन थांबतं. महालाच्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर कालव्यावर एक आडवं गेट होतं. लोखंडी, आणि वर फिरवायचं चाक. चाक फिरवून गेट खाली पाडलं की पाणी तुंबायचं आणि महालाशेजारच्या शेतांत शिरायचं. गेट वर उचललं की पाणी पुढं, पार शेपटापर्यंत जायचं. शेपूट म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, तिथं आमच्या माणसांची वस्ती आणि गायरानातली दोन-दोन, तीन-तीन एकर रान. नियम असा होता की पाणी शेपटापासून द्यायचं. शेवटच्या शेताचं भिजणं झालं की मग वर वर यायचं. म्हणजे महालाशेजारच्या बागायतदारांनी आठ दिवस आपल्या बांधावरून पाणी जाताना नुसतं बघायचं. तुम्हीच सांगा, कोण बघत बसेल? दुसऱ्या सगळ्या कालव्यांवर गेटांची कुलपं फुटायची, पाटकऱ्यांची डोकी फुटायची. आमच्या गेटाला मात्र कुणी हात लावत नव्हतं, कारण शेपटाची पाळी असली की महाल रडायचा.

खरंच रडायचा. दुपारच्या सामसुमीत तळघरातून आवाज सुरू व्हायचा, आधी हुंदका दाबल्यासारखा, मग लांब, वर चढत जाणारा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मायच्या पदरात तोंड खुपसलं. बा घरात आला, माझा हात धरून मला पायऱ्यांवर घेऊन गेला आणि खाली बोट दाखवलं. हमामखान्याची जुनी दगडी मोरी तिथं कालव्यात उघडत होती. पाणी तिच्या तोंडाशी अर्धवट आलं की आत वारा कोंडायचा आणि मोरीतून तळघरात घुमायचा. बानं मला चाकापाशी नेलं. गेट चाकाचे साडेतीन फेरे वर उचललं की पाणी बरोबर मोरीच्या तोंडाशी यायचं. तीन फेऱ्यांना पाणी जास्त, मोरी बुडालेली, आवाज नाही. चार फेऱ्यांना पाणी कमी, मोरी उघडी, आवाज नाही. बानं मला हे फिरवून फिरवून दाखवलं, आणि मी हसायला लागले. मग तो म्हणाला की हे तुझ्यात, माझ्यात आणि मायमध्ये. शेपटाला पाणी चार फेऱ्यांनीही पोचलं असतं. पण बा दर पाळीला गेट साडेतीनवरच आणून ठेवायचा. त्यानं कधी भुताची गोष्ट रचून सांगितली नाही. कुणी विचारलं की पाटकरी, आवाज कशाचा, तर तो एवढंच म्हणायचा, "काय की बा. आमी तर तवा दार लावून बसतो." 

म्हणजे बघा, एका माणसानं आपलं घर भुताचं राहू दिलं, म्हणून लांबच्या टोकाला भुईमूग उभा राहत होता. आणि ज्यांचा भुईमूग उभा राहत होता तेही आमच्या घरी यायचे नाहीत. वस्तीतली गोदामावशी म्हणून एक विधवा बाई होती, दोन एकराची धनी. पाणी मिळालं की ती सहा-सात मैल चालत यायची आणि फडक्यात बांधलेल्या शेंगा नाही तर अंबाडीची जुडी कालव्यावरच्या पुलाच्या कठड्यावर ठेवून तिथूनच हाक मारायची. मी आत ये म्हटलं तर दोन्ही हात जोडायची. "न्हाई बाई, तुमची छाती मोठी." असं म्हणून उन्हात तशीच परत निघायची. माय त्या शेंगा भाजायची आणि माझ्यापुढं सरकवायची.

त्या वर्षी मी तेराची असेन. उन्हाळ्यात कालवा बंद असला की पायऱ्यांखालच्या खड्ड्यांत मासे अडकून राहायचे, आणि मी परकर खोचून ते पकडत बसायची. अशा एका सकाळी पलीकडच्या काठावर आमच्या वर्गातली शकू उभी दिसली. शकू म्हणजे मारोतरावांची मुलगी, महालाला लागून ज्यांची मोसंबीची बाग होती ते मारोतराव. ती बागेत बापाची भाकरी घेऊन आली होती. मला म्हणाली, मलाबी शिकव की मासे धराया. कालव्यात पाणी नव्हतं, तर ती सरळ उतरून माझ्याकडं आली. पायऱ्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी ती वर पायऱ्या चढून दारात आली, आत डोकावली आणि रंगीत काचा बघू का म्हणून विचारलं. मी तिला एकोणीसच्या एकोणीस दारं दाखवली. वरच्या दिवाणखान्यात आम्ही लाल उजेडात उभ्या राहून एकमेकींची तोंडं बघून इतक्या हसलो की पारवे उडून गेले. खाली मायनं ते हसणं ऐकलं असणार. आम्ही उतरलो तर तिनं दोन ताटल्या काढून ठेवलेल्या. पण वाढताना तिचा हात थांबला. "खाशील का बाई? घरी विचारलंस का?" शकूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. माय तिथंच चुलीसमोर बसून राहिली, शकूचं खाऊन होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही. मला वाटतं त्या घरात आम्ही राहिलो तितक्या वर्षांतला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

मग कालव्याला पाणी आलं. शेपटाची पाळी लागली आणि महाल रडायला लागला. शकू यायची थांबली. चार दिवस मी पायऱ्यांवर बसून वाट बघितली. पाचव्या दिवशी ती पलीकडच्या काठावर दिसली, पण लांब, चिंचेखाली. मी हाक मारली तर तिनं कानावर हात ठेवले. आज मी साठी ओलांडलेली बाई आहे आणि तरीही मला तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोरीला दोष देता येत नाही. तिला एक मैत्रीण मिळाली होती आणि ती जायलीय असं तिला दिसत होतं. बा शेपटाकडं गेला होता. मी पुलावरून पळत गेले, शकूचा हात धरला, ओढत चाकापाशी आणलं आणि म्हटलं, बघ. अर्धा फेरा उलटा दिला. रडणं थांबलं. परत अर्धा फेरा दिला. रडायला लागलं. शकूचे डोळे एवढाले झाले. मग तिनं स्वतः फिरवून बघितलं, एकदा, दोनदा, पाचदा. तिला खूप मजा वाटली. जाताना मी तिला शपथ घातली की कुणाला सांगू नकोस. तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली, आणि मला आजही वाटतं की तेव्हा तिनं ती मनापासून घेतली होती.

तिनं ते घरी का सांगितलं असेल हे मला कळतं. तिला माझ्याकडं यायला परवानगी हवी होती. महालात काही नाही, नुसता वारा आहे, सुमननं मला दाखवलं, असं ती बापाला सांगत असणार, म्हणजे मला जाऊ द्या. पण मारोतरावांना त्यात आपल्या मोसंबीचं पाणी दिसलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आणि आणखी तिघं चाकापाशी आले. बा जेवत होता. तो हात न धुताच बाहेर गेला. शिवीगाळ झाली नाही, मारामारी झाली नाही. मारोतराव तसे भले गृहस्थ, बाला अहो-जाहो करायचे. हसत म्हणाले की पाटकरी, लय दिवस रडवलं आमाला. आणि चाक उलटं फिरवून गेट पार खाली पाडलं. महाल गप्प झाला. बानं संध्याकाळी गेट उचललं, त्यांनी सकाळी पाडलं. बानं वर कळवलं, वरून माणूस आला, दोन्हीकडच्यांना समजावून गेला, आणि तो गेला तसं गेट पुन्हा पडलं. बा एकटा, आणि ते आता दहा झाले होते. मोसंबीच्या बागेत बांध भरून पाणी वाहत होतं.

आठ-दहा दिवसांनी गोदामावशी आली. या वेळी ती पुलावर थांबली नाही. कमानीतून आत आली, अंगण ओलांडलं, आणि मुळासकट उपटलेलं भुईमुगाचं एक झाड बाच्या पायाशी ठेवलं. पानं मिटलेली, शेंग धरायच्या आऱ्या मुळाशी सुटलेल्या, पण शेंग एकही धरलेली नाही. ती म्हणाली, "पाटकरी, महाल रडायचा थांबला असं कानावर आलं, तवाच आमी समजलो, आता पानी येत न्हाई." एवढंच. पाणीसुद्धा न घेता गेली. आमच्या घरात आपल्या पायानं आलेली ती दुसरी पाहुणी. बा त्या झाडाकडं बघत राहिला, आणि मग त्यानं मला विचारलं की तू सांगितलंस का. मी हो म्हटलं. का, हे त्यानं विचारलंच नाही. बरं म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला. त्यानं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. रात्री जेवताना माय त्याला म्हणाली की पोरीला एक मैतरीण नको का. बानं माझ्या ताटात भाकरी मोडून टाकली, मी लहान असताना टाकायचा तशी. शकू त्या दिवसांत रोज यायची. तिला आता कुणी अडवत नव्हतं. आम्ही दिवाणखान्यात सागरगोटे खेळायचो आणि माझं लक्ष सगळं खाली, गप्प झालेल्या तळघराकडं असायचं.

मग माय पिवळी पडली. आधी डोळे, मग नखं. जेवण जाईना. झाडपाल्याचं औषध झालं, पथ्यपाणी झालं. शेवटी बानं तिला एसटीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. ती गाडीत बसताना खिडकीतून मला सांगत होती की शेळीला पाणी दाखव, पिठाच्या डब्याचं झाकण नीट लाव, पारव्यांनी घाण केलीय ती झाडून काढ. आठव्या दिवशी गेली. कावीळ फार पुढं गेली होती, डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. मायला मातीसाठी गावाकडं नेलं. जलदानविधीला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, आमचे चार नातेवाईक महालात आले, अंगणातच चिंचेखाली जेवले आणि ऊन उतरायच्या आत निघाले. बा रडला नाही. मीही रडले नाही. त्या एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघं एकमेकांसमोर रडायला लाजत होतो, का घाबरत होतो, मला सांगता येत नाही. मी भाकरी करायला लागले. हमामखान्यात माझ्या भाकरीचा आवाज घुमायचा, पण तो एकाच बाईचा वाटायचा.

गावात तोवर वेगळंच शिजत होतं. महालाचं रडणं बंद पाडलं आणि महिन्याच्या आत महालातली बाई गेली. रडू दिलं नाही म्हणून त्यानं बाई नेली, असं एक जण म्हणाला, आणि मग सगळेच म्हणायला लागले. चाकाला हात लावलेल्या एकाच्या घरी बैल दगावला. आता कुणाचा नंबर, म्हणून बायका रडायला लागल्या. मी हे दुकानात मीठ आणायला गेले तेव्हा ऐकलं. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं की माझ्या मायला कावीळ झाली होती, कावीळ, माझ्या मायला तुमच्या गोष्टीत घेऊ नका. पण मी मीठ घेऊन घरी आले.

त्याच संध्याकाळी, ऊन अजून पाण्यावर होतं, मारोतराव पुलावर येऊन उभे राहिले. शकू त्यांच्याबरोबर. बा पायऱ्यांवर होता, मी त्याच्यामागं. उन्हाळ्यातली शेवटची पाळी सुरू होती आणि गेट पडलेलंच होतं. मारोतराव पुलावरून पुढं आले नाहीत. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले की पाटकरी, खरं काय ते सांगा, आमीबी लेकराबाळाची माणसं हाव. बा पाण्याकडं बघत होता. त्यानं तोंड उघडलं, आणि मला दिसलं की त्याला ते नेहमीचं वाक्य येत नाहीये. दार लावून बसतो म्हणायला घरात आता माय नव्हती. त्याला मायच्या नावानं खोटं बोलवत नव्हतं, आणि खरं बोलला असता तर शेपटाचा उरलासुरला भुईमूग त्या आठवड्यात संपला असता. तेवढ्यात शकूनंच मला विचारलं. "सुमे, कावीळच होती ना गं?" मी हो म्हणावं असं तिला वाटत होतं. मी हो म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी सागरगोटे घेऊन आली असती. तिच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, "न्हाई. माय म्हनायची, पायरीवरून कोन तरी बोलवायलंय."

शकू एक पाऊल मागं सरकली, मग आणखी एक. मारोतरावांनी हात जोडले, बाला की महालाला कोण जाणे, आणि लेकीला दंडाला धरून चिंचांकडं घेऊन गेले. तिनं एकदा वळून बघितलं. पुढं सहा महिने आम्ही एका वर्गात होतो, ती माझ्याशी वाईट वागली नाही, पण माझ्या शेजारी परत बसली नाही. अलीकडं परभणीच्या बाजारात एक पांढऱ्या केसांची बाई मला तिच्यासारखी वाटली. मी हाक मारणार होते. मारून काय सांगणार होते, ते सुचलं नाही म्हणून नाही मारली.

ती माणसं दिसेनाशी झाल्यावर बा उठला आणि चाकापाशी गेला. मला वाटलं तो गेट उचलेल. पण तो नुसता उभा राहिला, मग बाजूला झाला, आणि मला म्हणाला, "तू फिरव." चाक जड होतं. मी दोन्ही हातांनी धरून पहिला फेरा दिला, दुसरा दिला. गेटाखालून पाणी सुटलं आणि शेपटाकडं पळायला लागलं. तिसऱ्या फेऱ्याला माझे हात भरून आले आणि मी थांबले. कुठं काही आवाज नव्हता. बा माझ्या मागं उभा होता. त्यानं चाकाला हात लावला नाही, हळूच म्हणाला, "अर्धा राहिला." मी तो अर्धा फेरा दिला आणि तळघरातून आधी दाबल्यासारखा, मग लांब, चढत जाणारा आवाज आला. माय गेल्यापासून आमच्या घरात मोठ्यानं रडलेलं ते पहिलंच.